ऑपरेशननंतर बोटं बधीर का होतात: टेबलावरची पोझिशन, नसा आणि मज्जारज्जू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, पाचेक तास चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधीर आहे. सर्जन म्हणाले, "पोझिशनमुळे होतं असं कधीकधी, जाईल." दहा दिवस झाले, अजून गेलेलं नाही. आता आईचं कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, तेही पालथं झोपवून, आणि तिची मान आधीपासूनच दुखते. तर ही 'पोझिशन' म्हणजे नेमकं काय, चूक कुणाची, आणि आईच्या वेळी डॉक्टरांना काय विचारायचं?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि मणक्याची ऑपरेशनं हेच माझं बरंचसं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी सार सांगते. वडिलांचं लक्षण अल्नर नसेचं, म्हणजे कोपराजवळून करंगळीकडे जाणाऱ्या नसेचं दिसतं, आणि ते खरोखरच तिसऱ्या दिवशी सुरू झालं असेल तर तेवढ्यावरून टेबलावर हलगर्जीपणा झाला असं म्हणता येत नाही. आईच्या बाबतीत हातापायांच्या नसांपेक्षा मानेतल्या मज्जारज्जूची चौकशी आधी व्हायला हवी, आणि ती ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नाही, आत्ताच.

आता सविस्तर.

झोपेतसुद्धा आपण कूस बदलतो. हात अवघडला की झोप न मोडता तो बाजूला घेतो. भूल दिली की हे थांबतं. शिवाय स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे सांध्यांची राखणही जाते. जागेपणी जो खांदा एका मर्यादेपलीकडे मागे जायला साफ नकार देईल, तो भुलेखाली मुकाट्यानं जातो आणि तसाच चार तास राहतो.

नसेला इजा होते ती दाबामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. दाब असतोच, पण ताण त्याहून वाईट. नसेच्या आत तिला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. सशांवरच्या जुन्या प्रयोगांत दिसलं होतं की नस तिच्या लांबीच्या साधारण ८ टक्के ताणली की तिच्यातून परतणारं रक्त मंदावतं आणि १५ टक्क्यांच्या आसपास रक्तप्रवाह पूर्ण थांबतो. म्हणजे नस तुटायची गरजच नाही, नुसती ताणून धरली तरी ती उपाशी राहते. इथंच उशीची मर्यादा कळते. उशी दाब वाटून घेते, ताणावर तिचा काही इलाज नाही. उलट जाडजूड उशी चुकीच्या जागी सरकवली तर खांदा वर उचलला जातो आणि ताण वाढतो. नव्या मुलांना मी एवढंच सांगते की आधी हात-पाय कुठल्या कोनात आहेत ते बघा, मग फोम शोधायला जा.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची, आणि ती सहसा कुणी पोझिशनमध्ये धरत नाही. दबलेल्या किंवा ताणलेल्या नसेत रक्त ढकलायला दाब लागतो. रक्तस्राव झाला, प्रेशर खाली राहिलं, रुग्ण गार पडला, की एरवी खपून गेली असती अशी पोझिशनही महागात पडते. चौथी गोष्ट रुग्णाची स्वतःची नस. मधुमेह, दारू, बी-१२ ची कमतरता, मानेत, मज्जारज्जूतून निघतानाच चिमटलेलं नसेचं मूळ. एका जागी दबलेली नस दुसऱ्या जागी थोड्याशा दाबानेही कुरकुरते, ही 'डबल क्रश'ची कल्पना अप्टन आणि मॅककोमास यांनी १९७३ मध्ये मांडली. तिच्यावर वाद अजून आहेत, पण प्रत्यक्षात असे रुग्ण भेटतात. काही कुटुंबांत तर अनुवंशानेच नसा इतक्या हळव्या असतात की पायावर पाय टाकून बसलं तरी पाऊल लुळं पडतं. 'पाय-हात फार लवकर बधीर होतात' असं घरात दोघा-तिघांचं म्हणणं असेल तर भूलतज्ज्ञाला जरूर सांगा.

वडिलांच्या बोटांकडे येऊ. अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतून जाते, वर जेमतेम कातडी. कोपर कुठं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस. कोपर ९० अंशांपेक्षा जास्त दुमडलं की खाचेवरचा पट्टा आवळतो आणि नस आतल्या आत दबते. तळहात खाली करून हात फळीवर ठेवला तर कोपराची नेमकी ती बाजू फळीवर टेकते. तळहात वर केला की हाडाचा दुसरा भाग टेकतो आणि नस मोकळी राहते. म्हणून हात बाजूच्या फळीवर असेल तर तळहात छताकडे किंवा निदान आडवा, आणि हात अंगाजवळ गुंडाळला असेल तर तळहात मांडीकडे. हात लावून झाला की मी कोपराखाली दोन बोटं घालून बघते. खाच मोकळी लागली तरच पुढे जाते. ब्लड प्रेशरच्या पट्ट्याची खालची कडही कोपरापासून वर हवी. हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

पण एवढं सगळं करूनही अल्नर नसेचा त्रास होतोच, हे मान्य करायला आमच्या क्षेत्राला बरीच वर्षं लागली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासून १९९४ मध्ये छापलं की टिकून राहणारा अल्नर त्रास सुमारे २,७०० रुग्णांत एकाला होतो. त्यात पुरुष जास्त, फार बारीक किंवा फार जाड माणसं जास्त, आणि बराच काळ हॉस्पिटलात राहिलेले जास्त. निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या २४ तासांत काहीच जाणवलं नव्हतं. मग त्यांनी १९९९ मध्ये दीड हजार रुग्णांवर पहिल्यापासून लक्ष ठेवलं. सात जणांना त्रास झाला आणि त्या सातांपैकी एकालाही पहिल्या दोन दिवसांत लक्षण नव्हतं. नंतर याच गटाला, ऑपरेशन न झालेल्या, नुसत्या औषधोपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णांतही तसेच थोडे सापडले. म्हणजे टेबलाइतकाच हॉस्पिटलचा पलंगही संशयित आहे.

पलंगावर काय होतं ते आठवा. पोटाला टाके असलेला माणूस वर सरकायचं म्हटलं की दोन्ही कोपरं गादीत रोवतो. एरवी कोपरं दुमडून हात छातीवर घेऊन तासन्‌तास पडून राहतो. एका हाताला सलाईन असतं म्हणून तो हात हलवत नाही. पेनकिलरमुळे मुंग्याही कळत नाहीत. पुरुषांत कोपराच्या त्या जागी चरबी कमी आणि हाडाचा उंचवटा मोठा, म्हणून त्यांना जास्त. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेनं कोर्टात किंवा विम्याकडे गेलेल्या दाव्यांचा अभ्यास केला, त्यात १९९९ च्या आढाव्यात नसांच्या इजांमध्ये अल्नर पहिली होती, त्यानंतर खांद्याकडचं मज्जातंतूंचं जाळं. आणि अल्नरच्या कित्येक फायलींत कोपराखाली पॅडिंग दिल्याची स्पष्ट नोंद होती.

म्हणून चूक कुणाची हे ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते तो वेळेचा. भुलेतून जागं झाल्या झाल्या, रिकव्हरी रूममध्येच बोटं बधीर होती की एक-दोन दिवस हात चांगला होता? पहिल्या दिवशीचं नर्सिंगचं टिपण, फिजिओची नोंद, घरच्यांची आठवण हे सगळं कामाचं असतं. उठल्यापासून असेल तर टेबलावरच्या पाच तासांकडे बघावं लागेल: हात कुठं होते, मधे टेबल वाकवलं का, असिस्टंट हातावर टेकून उभा होता का. हे शेवटचं फार होतं आणि कागदावर कधीच येत नाही. ॲनेस्थेशिया चार्टची, म्हणजे भुलेच्या वेळच्या नोंदींची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागा. त्यात पोझिशन, हातांची स्थिती, पॅडिंग आणि मधे केलेली तपासणी लिहिलेली असायला हवी. तिथं नुसतं 'सुपाइन' (उताणं) एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून इजेचं कारण सिद्ध होत नाही, पण टीम किती बारकाईनं काम करते हे कळतं.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि तो तुम्ही घरी बसून बराच सोडवू शकता. कापसाचा बोळा घ्या. वडिलांना डोळे मिटायला सांगा आणि अनामिकेच्या दोन्ही कडांना अलगद स्पर्श करा. मधल्या बोटाकडची कड नीट कळते आणि करंगळीकडची बधीर, असं असेल तर ती अल्नर नसच. मानेतल्या मुळाचं दुखणं बोट असं उभं चिरत नाही. आता कापूस हाताच्या आतल्या कडेनं मनगटाकडून कोपराकडे न्या. तिथंही बधीर लागलं तर गोष्ट कोपराच्या वरची आहे: काखेजवळचं जाळं किंवा मानेतलं आठवं मूळ. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, स्पर्श कळतोय का हेही बघा. तोही गेला असेल तर अडथळा कोपराजवळ असण्याची शक्यता जास्त, शाबूत असेल तर मनगटाजवळ. मग ताकद. अंगठा आणि तर्जनीची बाजू यांत कागद धरायला सांगा, किल्ली धरतात तसा, आणि कागद ओढा. कागद धरून ठेवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागत असेल तर स्नायूही कमजोर झालेत. हे लिहून ठेवा, तारखेसकट.

ताकद गेली असेल तर थांबायचं नाही, न्यूरोलॉजिस्टकडे लगेच. नुसता बधिरपणा असेल तर पहिले चार-पाच दिवस वाट बघणं योग्य असतं, कारण बरेचसे आपोआप ओसरतात. तुमचे दहा दिवस झालेत, म्हणजे नुसता बधिरपणा असला तरी आता दाखवायलाच हवं.

बाकीच्या नसांबद्दल थोडक्यात, कारण 'पोझिशन' म्हटलं की प्रत्येक ऑपरेशनची अडचण वेगळी.

खांद्याजवळचं जाळं, म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस, मानेला एका टोकाला आणि काखेला दुसऱ्या टोकाला बांधलेलं असतं, मधे गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी. हात ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर नेला, शिवाय मान विरुद्ध बाजूला वळवली, की दोन्ही टोकं लांब जातात. डोकं खाली आणि पाय वर अशा तीव्र उतारावर, रोबोटिक किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनांत, रुग्ण घसरू नये म्हणून खांद्यांना आडवे टेकू लावायची पद्धत होती. माझ्या मते ते टेकू स्टोअर रूममध्येच बरे. न घसरणारी गादी अंगाखाली घालावी. कुशीवर झोपवलं की खालच्या बाजूला छातीखाली गुंडाळी ठेवतात, ती काखेच्या थोडी खाली हवी. काखेतच खुपसली तर ज्या जाळ्याला वाचवायचं त्यालाच दाबते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये छातीचं हाड फाकवताना पहिली बरगडी वर फिरते आणि जाळ्याचा खालचा भाग दुखावतो. तेव्हा बधीर होतात तीच दोन बोटं, आणि दोष उगाच कोपराला जातो. वरची कापसाची तपासणी इथं उपयोगी पडते.

पाय वर बांधून करायच्या ऑपरेशनांत, ज्याला लिथोटॉमी म्हणतात, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नडगीशेजारच्या हाडाच्या मानेवरून जाणारी नस आधाराच्या दांड्यावर दबते. उठल्यावर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो. मेयोच्याच १९९४ च्या अभ्यासात, लिथोटॉमीच्या सुमारे दोन लाख रुग्णांत, टिकून राहणारी कमजोरी ३,६०८ मध्ये एकाला होती, आणि त्यातली बहुसंख्य याच नसेची. बारीक अंगकाठी, धूम्रपान आणि लांबलेला वेळ हे धोके. त्यांनी नंतर रुग्णांवर पहिल्यापासून लक्ष ठेवून पाहिलं तेव्हा दोन तासांनंतर धोका वाढताना दिसला. मांडी फार दुमडली आणि बाहेर फाकवली तर जांघेतली फेमोरल नस अडकते. जिना उतरताना गुडघा दगा देतो तो त्यामुळे. पालथं झोपवल्यावर कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी दाब आला तर मांडीची बाहेरची बाजू बधीर होते. त्रासदायक असतं, धोकादायक नाही, बहुतेक वेळा आठवड्यांत जातं.

पण लिथोटॉमीतली एक गोष्ट नसेची वाटते आणि नसते. पाय हृदयापेक्षा ५० सेंटिमीटर वर असतील तर घोट्याशी रक्तदाब जवळपास ४० मिलिमीटरने कमी होतो. त्यात डोकं खाली केलं आणि असं चार-पाच तास चाललं तर पोटरीचे स्नायू उपाशी राहतात. पाय खाली आणल्यावर रक्त परत येतं, स्नायू त्यांच्या घट्ट आवरणात सुजतात आणि स्वतःच स्वतःचा रक्तपुरवठा बंद करतात. हा कंपार्टमेंट सिंड्रोम. ऑपरेशन पोटाखाली झालंय, पण रुग्ण पोटरी दुखते म्हणून ओरडतो, बोटं वर केली तर वेदना असह्य होते, पोटरी दगडासारखी. 'नस दबली असेल, सकाळी बघू' म्हणून पेनकिलर वाढवत बसलं तर पाय जातो. त्याला त्याच रात्री आवरण उघडावं लागतं. लांबणाऱ्या ऑपरेशनांत दर दोन तासांनी पाय खाली आणायला सर्जन कुरकुरतात. आणायचेच.

आता आई. मज्जारज्जूची इजा फार दुर्मीळ आहे, पण झाली तर हाताच्या बधिरपणासारखी आठवड्यांत विसरता येण्याजोगी नसते, म्हणून इथं जास्त शब्द खर्च करते.

कमरेच्या मणक्यात जागा अरुंद झालेल्या माणसांत मानेतही तशीच अरुंद जागा असण्याचं प्रमाण लक्षणीय आहे. वयानं गाद्या झिजतात त्या एका ठिकाणी थांबत नाहीत. कमर जास्त दुखते म्हणून एमआरआय कमरेचाच होतो, आणि चालताना पाय जड पडण्याचा सगळा दोष कमरेवर जातो. मग भुलेखाली श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे जाते, पालथं करताना ती बाजूला वळते, आणि दोन-तीन तास तशीच राहते. जागेपणी तिनं मान इतकी वळवलीच नसती. मान मागे गेली की मज्जारज्जूभोवतीची जागा आणखी कमी होते, मागचे पट्टे आत दुमडतात. खूप पुढे वाकवली तर रज्जू ताणला जातो. मेंदूच्या मागच्या भागाची काही ऑपरेशनं बसवून करतात, त्यात हनुवटी छातीला चिकटेपर्यंत मान वाकवल्याने मानेच्या मध्यावर रज्जू निकामी होऊन चारही हातपाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावलीच पाहिजेत, हा आमचा जुना नियम.

तर आईला आत्ता विचारा: ब्लाउजची बटणं लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं पूर्वीसारखी चालतात का? अंधारात चालताना तोल जातो का? मान खाली केली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का? हातातून वस्तू निसटतात का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर सर्जनला स्पष्ट सांगा की मानेचा एमआरआय आधी हवा. आणि मानेतला रज्जू खरंच दबलेला निघाला तर कदाचित आधी मानेचं ऑपरेशन करावं लागेल. कमर थांबू शकते.

भूल देण्याआधी जागेपणीच एक तपासणी होते, जी फुकट आहे आणि कुठल्याही मशीनपेक्षा उपयोगी. आईला मान हळूहळू मागे, पुढे, दोन्ही बाजूंना न्यायला सांगायचं आणि कुठे मुंग्या किंवा वेदना सुरू होतात ते टिपायचं. तीच तिची हद्द, भुलेखालीही तिच्या आतच राहायचं. मग दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर घ्यायला सांगायचे, पालथं झोपवल्यावर असतील तसे, आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. खांदा गोठलेला असेल किंवा बोटं बधीर व्हायला लागली तर हात अंगालगत ठेवूनच ऑपरेशन करायचं. तिच्या भूलतज्ज्ञांनी तपासणीच्या वेळी हे केलं नाही तर तुम्ही म्हणा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी म्हणा.

भूल उताणी दिली जाते आणि नंतर पालथं करतात. मला सगळ्यात जास्त काळजी त्या काही सेकंदांची असते. मान मी धरते, वळवायची खूण माझी. डोकं, खांदे आणि कंबर एकाच ओंडक्यासारखे एकदम फिरायला हवेत. त्याआधी नळ्या-तारा सोडवलेल्या, नळीची घट्टी पुन्हा पाहिलेली. पालथं झाल्यावर मान सरळ, ना वर ना खाली, चेहरा मधे मोकळा असलेल्या फोममध्ये. डोळ्यांवर काहीही टेकता कामा नये, आणि हे मी थोड्या-थोड्या वेळाने हात घालून पुन्हा तपासते. हात वर घेतले असतील तर खांद्यापासून ९० अंशांच्या आत, कोपरं अंगाच्या पातळीपेक्षा किंचित खाली लोंबती, काख रिकामी. छाती आणि कमरेच्या हाडांखाली आधार, पण पोट मात्र अधांतरी. पोट दबलं की मोठ्या शिरेतलं रक्त मणक्याभोवतीच्या शिरांत तुंबतं, सर्जनला जास्त रक्तस्राव दिसतो आणि रज्जूला मिळणारा निव्वळ दाब घटतो. पाठ टेबल वाकवून फार मागे कमानदार केलेल्या स्थितीत रज्जूचा रक्तपुरवठा तुटल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून टेबल वाकवताना बेतानं.

रक्तदाब इथं पोझिशनचाच भाग. रज्जू कुठेही आधीच दबलेला असेल तर सरासरी दाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला, ८० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा माझा आग्रह असतो. 'रक्त कमी जावं म्हणून प्रेशर जरा खाली ठेवा' ही मागणी अशा रुग्णांत मी मान्य करत नाही. खांद्याची ऑपरेशनं बसवून करतात तेव्हा आणखी एक फसगत होते. पट्टा दंडावर असतो आणि मेंदू त्याच्या वीस-पंचवीस सेंटिमीटर वर. दर १० सेंटिमीटरला साडेसात मिलिमीटर दाब कमी, म्हणजे मॉनिटरवर सरासरी ६५ दिसत असताना मेंदूला ५० च्या आतबाहेर मिळतंय.

मानेत काही सापडलं तर न्यूरोमॉनिटरिंगची सोय असलेलं हॉस्पिटल निवडा. हातापायांच्या नसांना बारीक विजेचे झटके देऊन मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते बघतात, आणि उलट दिशेनं मेंदूवरून स्नायूंपर्यंत. एकदा उताणं असताना नोंद घ्यायची, पालथं केल्यावर लगेच दुसरी. दोन्हींत फरक पडला तर ऑपरेशन सुरू न करता पोझिशन बदलायची, गरज पडली तर पुन्हा उताणं करायचं. गंमत म्हणजे ही यंत्रणा रज्जूसाठी लावतात आणि सगळ्यात जास्त वेळा पकडते ते हातांचं अवघडणं: एका हाताचा अल्नर सिग्नल विझत जातो, चादरीखाली हात घालून खांदा जरा खाली घेतला की थोड्या वेळात परत येतो. इतका सरळ पुरावा आमच्या कामात क्वचितच मिळतो.

पालथ्या ऑपरेशननंतर दृष्टी जाण्याबद्दल लोक विचारतात. होतं, फार क्वचित. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नोंदवहीतले मणक्याच्या ऑपरेशनांनंतरचे ९३ रुग्ण अभ्यासले, त्यातल्या ८३ जणांत दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि जवळपास सगळ्यांत भूल सहा तासांहून जास्त चालली होती किंवा एक लिटर वा अधिक रक्त गेलं होतं. डोळ्यावर थेट दाब हे त्यातलं मुख्य कारण नव्हतं. आईचं ऑपरेशन एक-दोन पातळ्यांचं असेल तर या भीतीनं झोप उडवू नका. पाच-सहा मणक्यांचं असेल तर दोन टप्प्यांत करता येईल का, हे विचारण्यात अर्थ आहे.

ऑपरेशननंतर आईच्या बाबतीत कशाची वाट बघायची नाही ते लक्षात ठेवा. दोन्ही पायांत कमजोरी, किंवा आधी चांगली असलेली ताकद तासातासाला कमी होणं, बसण्याच्या जागेचा बधिरपणा, लघवी तुंबणं, हात आणि पाय दोन्ही एकदम जड पडणं. हे एका नसेचं काम नाही, मज्जारज्जूचं किंवा मुळांच्या जुडग्याचं आहे. रक्ताची गाठ साठून दाब येत असेल तर एमआरआय त्याच दिवशी, त्याच तासात हवा. 'भुलेचा असर असेल' हे उत्तर ठरावीक वेळेपुरतंच चालतं. किती तासांनी असर उतरायला हवा हे भूलतज्ज्ञाला विचारून ठेवा आणि त्यापुढे थांबू नका. कॅथेटर असतो तोवर लघवीचं कळत नाही, म्हणून पायांच्या बोटांची हालचाल आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचा स्पर्श नर्सना दर काही तासांनी बघायला सांगा.

आणि प्रत्येक बधिरपणा पोझिशनचा नसतो. पोटात मांस बाजूला धरणारी हत्यारं फेमोरल नस दाबतात. हातापायाला रक्त थांबवायला आवळलेला पट्टा, म्हणजे टूर्निकेट असतो. नस बधीर करायची सुई असते. ऑपरेशननंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नसेला सूज आणल्याचेही रुग्ण आहेत. मेयो क्लिनिकच्या गटानं २०१० मध्ये अशांच्या नसेचे तुकडे तपासून ती सूज दाखवली. काही दिवसांनी खांद्यात भयंकर कळ येऊन मग हात लुळा पडला तर हे डोक्यात यायला हवं, त्याला स्टिरॉइडचा विचार होतो. बी-१२ खूप कमी असलेल्या माणसाला नायट्रस ऑक्साइडची भूल दिली तर काही आठवड्यांत मज्जारज्जूच बिघडू शकतो आणि तो रक्ततपासणीवर पकडता येतो. 'पोझिशन' हा शब्द सगळं झाकायला सोयीचा आहे, म्हणूनच तो ऐकून गप्प बसू नये.

वडिलांचं पुढचं. सेडन यांनी १९४३ मध्ये केलेली विभागणी अजून कामाची आहे: नसेचं फक्त आवरण दुखावलं तर आठवड्यांत भरून येतं, बहुतेक पोझिशनच्या इजा या गटातल्या. आतला धागा तुटला पण नळी शाबूत असेल तर धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून हाताच्या स्नायूंपर्यंत २५-३० सेंटिमीटर, हिशेब तुम्हीच करा, वर्षभर धरून चाला. नस पूर्ण तुटणं पोझिशनमुळे होत नाही.

रात्री कोपर पूर्ण दुमडू नये म्हणून मऊ टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळा किंवा स्प्लिंट घ्या. खुर्चीच्या हातावर, टेबलाच्या कडेवर कोपर टेकणं बंद. फोन दुसऱ्या हातात. फिजिओकडून बोटांचे व्यायाम, सांधे आखडू नयेत म्हणून. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी नस जोडली जात नाही, रक्तात कमतरता असेल तरच घ्या. बधीर बोटांना गरम भांड्याचा चटका कळत नाही, तेवढं सांभाळा.

नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणं) आणि ईएमजी (स्नायूंतल्या विजेची तपासणी) करायला सांगतील. ईएमजीत धागे तुटल्याच्या खुणा यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून निर्णयाची तपासणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मात्र त्याआधी, म्हणजे पहिल्या आठवड्यात केलेल्या तपासणीत तशा खुणा दिसल्या असत्या तर नस ऑपरेशनच्या आधीपासूनच आजारी होती हे कळलं असतं. ती संधी तुमची गेली, हरकत नाही. दोन्ही हातांची करायला सांगा. चांगल्या वाटणाऱ्या उजव्या कोपरातही वेग मंदावलेला सापडणं नवीन नाही, आणि मग चर्चेचं वळणच बदलतं. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग मागून खोलगट दिसायला लागला, किंवा तीन महिन्यांनीही ताकदीत काही फरक नसेल, तर हाताच्या नसांचे सर्जन गाठा. कोपरातली नस मोकळी करता येते, पण स्नायू पूर्ण वाळल्यावर केलेल्या ऑपरेशनने हाती फारसं लागत नाही.